जुनी सचित्र निसर्गपुस्तकं जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातले पक्षी, प्राणी, साप आणि झाडझाडोरा यांच्यावरची जुनी सचित्र पुस्तकं जमवणाऱ्यांसाठी, किंवा जमवावीत असं नुकतंच वाटू लागलेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. युरोपातली फुलं आणि अमेरिकेतले पक्षी हा स्वतंत्र प्रांत आहे. त्यात इथे शिरलो नाही, एखाददुसरा उल्लेख सोडला तर.

किती जुनं पुस्तक ‘जुनं’ म्हणायचं?

बाजारात शंभर वर्षांची रेघ धरतात. या विषयात मात्र सालापेक्षा चित्र कसं छापलंय याला जास्त महत्त्व आहे. १८३०चं पुस्तक हाताने रंगवलेलं असतं, १८८०चं रंगीत शिळाछापाचं, आणि १९३०चं बहुधा ठिपक्यांच्या ब्लॉकवर छापलेलं. तिन्ही जमवण्यासारखी आहेत, पण तिन्हींची पारख वेगळी. माझ्यापुरती रेघ मी सालीम अलींच्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाच्या १९४१च्या पहिल्या आवृत्तीपाशी ओढतो. त्यानंतरचं ते आवडीचं वाचन.

खिसा लहान आहे. सुरुवात कुठून करू?

मुंबईपासून करा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) १८८३ साली मुंबईत स्थापन झाली. संस्थापक आठजण होते आणि त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन असे दोघे आपले डॉक्टर होते. १८८६पासून संस्थेचं जर्नल निघू लागलं. त्यात रंगीत चित्रांसह लेखमाला यायच्या: साप, बदकं, फुलझाडं, विषारी वनस्पती. त्यातल्या काहींची पुढे पुस्तकं झाली. स्टुअर्ट बेकरचं भारतीय बदकांवरचं पुस्तक (१९०८) आणि ब्लॅटर व मिलार्ड यांचं सुंदर भारतीय वृक्षांवरचं पुस्तक (१९३७) ही त्यातली दोन ठळक. ब्लॅटर म्हणजे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट फादर. वृक्षांचं पुस्तक पुढे अनेकदा छापलं गेलं, त्यामुळे ‘पहिली आवृत्ती’ असं कुणी म्हटलं की मुखपृष्ठ सोडून आतलं शीर्षकपान बघा.

जर्नलचे सुटे अंक मूळ कागदी वेष्टनासह मिळाले तर सोडू नका. लोक अंक बाइंडिंगला द्यायचे आणि बाइंडर वेष्टनं आणि जाहिराती काढून टाकायचे, म्हणून तसे अंक आता कमी दिसतात.

आणखी एक नाव म्हणजे ई. एच. एटकेन, ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहिणारा. जन्म साताऱ्याचा, नोकरी मुंबई इलाख्याच्या कस्टम आणि मीठ खात्यात, आणि लेखणी भलतीच खट्याळ. त्याच्या १८८३च्या पुस्तकातली एफ. सी. मॅक्रीची रेखाचित्रं काळी-पांढरी आहेत, म्हणून पुस्तक स्वस्तात सुटतं. बंगल्यातल्या उंदीर-मुंग्या-बेडकांची अशी चित्रं दुसरीकडे सापडायची नाहीत.

मोठी नावं कोणती? निदान माहीत तरी असावीत.

सगळ्यांत आधी ‘हॉर्टस मलबारिकस’. कोचीनचा डच कमांडर हेंड्रिक व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर करवून घेतलेले बारा खंड ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापले गेले. ताम्रपटावरून छापलेली सुमारे ७९० चित्रं, बहुतेक दोन पानांभर पसरलेली. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनिअसने मलबारच्या वनस्पतींसाठी या चित्रांचा आधार घेतला. ऱ्हीडे १६९१मध्ये वारला, सुरतेत त्याची कबर आहे. म्हणजे शेवटचे खंड त्याने छापलेले पाहिलेच नाहीत.

मराठी वाचकाने यातलं एखादं चित्र एकदा तरी जवळून पाहावं. झाडाची फांदी, फूल, चिरलेलं फळ, आणि वरच्या कोपऱ्यात नावं: रोमन लिपीत, मल्याळम लिपीत, अरबी लिपीत आणि नागरीत. नागरी अक्षरं कोंकणी नावांची. ती युरोपातल्या कोरक्याने, अर्थ न कळता, रेघेवर रेघ बघून तांब्यावर उतरवली, म्हणून थोडी अडखळलेली दिसतात. पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांचं नागरीतलं प्रमाणपत्रही आहे आणि इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचं वेगळं. साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये छापलेलं पुस्तक उघडावं आणि आपली लिपी समोर यावी, याची किंमत लिलावाच्या आकड्यात धरलेली नसते.

मग पॅट्रिक रसेलचं कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचं पुस्तक (१७९६, ४६ चित्रं). विल्यम रॉक्सबर्गचे कोरोमंडलच्या वनस्पतींचे तीन खंड (१७९५ ते १८२०, ३०० चित्रं). नथॅनिएल वॉलिकच्या आशियातल्या दुर्मिळ वनस्पती (१८३० ते १८३२, तीन खंड, २९५ चित्रं). जॉन गूल्डचे हिमालयातले पक्षी, ८० चित्रं. ही शिळेवर काढली त्याची बायको एलिझाबेथ हिने, आणि तिच्या नावाचा एक सूर्यपक्षी आजही हिमालयात उडतो आहे. या पुस्तकाच्या काही प्रतींत फक्त पक्षी रंगवलेले आहेत आणि मागच्या फांद्या-पानं कोरी, तर काहींत पार्श्वभूमीही रंगवलेली. कोरी दिसली म्हणून अपुरी समजू नका, ती आधीची आहे.

यातलं काहीही संपूर्ण घ्यायचं म्हणजे घर विकायची गोष्ट आहे. अंदाज यावा म्हणून एक परका आकडा देतो. ऑड्युबॉनच्या अमेरिकन पक्ष्यांची संपूर्ण प्रत २०१०मध्ये लंडनच्या लिलावात ७३ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली.

गोव्यात छापलेलं गार्सिया द ऑर्ताचं पुस्तक सचित्र आहे का?

नाही. ऑर्ता हा गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य. १५६३ची गोव्याची आवृत्ती म्हणजे त्याचे औषधी वनस्पतींवरचे संवाद. त्यात वनस्पतींची चित्रं नाहीत, छपाईच्या चुका मात्र ढीगभर. चित्रं आली ती क्लुसिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७मध्ये अँटवर्पला काढलेल्या लॅटिन संक्षेपात, आणि पुढे क्रिस्तोव्हाओ द कोस्ताच्या १५७८च्या पुस्तकात. कुणी ‘सचित्र ऑर्ता, गोवा’ म्हणून काही दाखवलं तर चहा प्या आणि निघा.

चित्र कुठल्या पद्धतीने छापलंय हे कसं ओळखायचं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. बाकी उपकरणं नंतर.

ताम्रपटाचं चित्र असेल तर चित्राभोवती चौकटीसारखा दबलेला ठसा असतो, पान तिरकं धरलं की दिसतो. प्रेसमध्ये तांब्याच्या पत्र्याच्या कडेने कागद दबतो, त्याची ती खूण. मात्र बाइंडरने कडा फार कापल्या असतील तर ठसाही कापला जातो, तेव्हा नसला म्हणून लगेच खोटं ठरवू नका. बोट हलकेच फिरवलं तर शाईची रेघ किंचित उंच लागते.

शिळाछापाला हा ठसा नसतो. रेघ खडूसारखी, दाणेदार, कागदाच्या पातळीत. गूल्ड आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट, हूकर यांच्या काळात काळी रेघ दगडावरून छापायची आणि रंग माणसाने ब्रशने भरायचा, अशी रीत होती. अशा रंगाला भिंगाखाली ठिपके दिसत नाहीत, सलग ओघळ दिसतो आणि रंग कुठेतरी रेघेबाहेर गेलेला असतो. पान खिडकीकडे तिरकं करा. पक्ष्याचा डोळा किंवा काळी पिसं चमकली, तर तिथे अरबी डिंकाचा हात दिलेला आहे. ही चमक छपाईत येत नाही.

रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. भिंगाखाली वेगवेगळ्या रंगांचे बारीक, वेडेवाकडे ठिपके एकमेकांवर चढलेले दिसतात आणि कडेला एखादा रंग केसभर सरकलेला असतो. ह्यूम आणि मार्शल यांचे शिकार केल्या जाणाऱ्या पक्ष्यांवरचे तीन खंड (१८७९ ते १८८१) आणि फेररचं विषारी सापांवरचं पुस्तक (१८७२) या पद्धतीचे. ह्यूमला आपल्याच पुस्तकातली बरीच चित्रं पसंत नव्हती आणि त्याने ते लिहूनही ठेवलं. पुस्तक विकणारा हे सहसा सांगत नाही.

ठिपके एका ओळीत, जाळीसारखे नियमित दिसले तर तो हाफटोन ब्लॉक, म्हणजे एकोणिसाव्या शतकाची अखेर किंवा त्यानंतर. आणि चार रंगांचे ठिपके मिळून बारीक गुलाबासारखी नक्षी दिसली तर ते आधुनिक ऑफसेट, कागद कितीही पिवळा असो.

हाताने रंगवलेलं म्हणजे अस्सलच ना?

घाई करू नका. काळी-पांढरी निघालेली चित्रं नंतर कुणीतरी रंगवून विकण्याचा धंदा जुना आहे, कारण रंगीत चित्राला दुप्पट गिऱ्हाईक. आधी ते पुस्तक मुळात रंगीत निघालं होतं का, हे बघा. वाइटच्या भारतीय वनस्पतींवरच्या ‘आयकॉनेस’चे सहा खंड (१८३८ ते १८५३) रंगाशिवाय निघाले, त्यांत २१०१ चित्रं आहेत. त्यातलं एखादं भडक हिरवं-गुलाबी दिसलं तर रंग नंतरचा. जुना रंग कागदात मुरलेला असतो, नवा वर बसलेला दिसतो.

आणखी एक खूण: पांढरा रंग. जुन्या चित्रकारांचा पांढरा शिशाचा असायचा आणि हवेतल्या गंधकाने तो काळवंडतो. बगळ्याच्या छातीवर राखाडी, किंचित चंदेरी डाग दिसला तर तो सहसा मूळ रंग.

विकत घेण्याआधी नक्की काय तपासू?

चित्रं मोजा. कव्हर, सोनेरी अक्षरं, आधीच्या मालकाचं नाव हे सगळं त्यानंतर. निसर्गपुस्तकाची किंमत त्याच्या चित्रांत असते, म्हणून चोरीही चित्रांचीच होते. ब्लेडने आतल्या कडेला काप दिला की पान अलगद निघतं आणि वरवर चाळताना कळत नाही.

पद्धत अशी. चित्रांची यादी पुस्तकात असेल तर ती समोर ठेवून एकेक क्रमांक टिकमार्क करा. यादी नसेल तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर त्याच आवृत्तीचं स्कॅन फुकट मिळतं, ते फोनवर उघडा आणि पानागणिक ताडून बघा. स्कॅन केलेली प्रतही अपुरी असू शकते, म्हणून जमल्यास दोन प्रती पाहा. बाइंडिंगच्या शिवणीत कापलेल्या पानाचा बारीक पट्टा उरलाय का, हे बोटाने चाचपा. चित्राचा अंधुक उलटा ठसा समोरच्या पानावर उमटलेला असतो. ठसा आहे आणि चित्र नाही, तर पुढे काही विचारायची गरज नाही. चित्र आहे पण समोर ठसा दुसऱ्याच फुलाचा आहे, तर ते पान दुसऱ्या प्रतीतून आणून बसवलंय किंवा बाइंडरने क्रम चुकवलाय.

अनेक पुस्तकं वर्गणीदारांना भागाभागाने यायची आणि ज्याने त्याने आपापल्या बाइंडरकडून शिवून घ्यायची. त्यामुळे दोन अस्सल प्रतींचा क्रम वेगळा असणं हा दोष नाही. चित्रं भरली पाहिजेत, एवढंच.

विक्रेत्याने ‘बहुतेक पूर्ण’ म्हटलं तर ‘कुठलं नाही?’ एवढंच विचारा.

फ्रेम केलेली सुटी चित्रं घ्यावीत का?

माझं मत विचाराल तर नको. चोरबाजारात किंवा हॉटेलच्या दुकानात लटकलेल्या त्या सुंदर चित्रामागे बहुतेक वेळा एक फोडलेलं पुस्तक असतं. तीनशे चित्रांचं पुस्तक अख्खं विकण्यापेक्षा तीनशे फ्रेमा विकून जास्त पैसे होतात, हा साधा हिशेब. आपण एक फ्रेम घेतली की पुढच्या पुस्तकाला ब्लेड लागतं.

अपवाद आहेत. पाण्याने किंवा वाळवीने आधीच अर्ध्यावर आलेलं पुस्तक, जर्नलच्या तुटक्या अंकातलं पान, हे घेण्यात गैर काही नाही. फक्त मागे लावलेला पुठ्ठा आम्लमुक्त आहे का बघा आणि चित्र चिकटवलेलं नसावं.

चित्राखाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत काय लिहिलेलं असतं?

डावीकडे ‘डेल.’ म्हणजे चित्र काढणारा. उजवीकडे ‘स्कल्प.’ असेल तर तांब्यावर कोरणारा, ‘लिथ.’ असेल तर दगडावर उतरवणारा, आणि ‘इंप.’ म्हणजे छापणारा. वाचण्याची सवय लावून घ्या, कारण आपली माणसं या कोपऱ्यांत सापडतात. रॉबर्ट वाइटच्या चित्रांखाली रंगय्या आणि गोविंदू ही नावं येतात. हे दोघे दक्षिणेतले चित्रकार, आणि वाइटने त्यांचं श्रेय छापलं. वॉलिकच्या खंडांत विष्णुप्रसाद आणि गोराचंद भेटतात. रॉक्सबर्गसाठी चित्रं काढणारेही भारतीयच होते, पण त्यांची नावं तिथे शोधून मिळत नाहीत.

पुण्याजवळच्या दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं. तिथल्या अलेक्झांडर गिब्सनसाठी एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराने १८४७च्या सुमारास सुरेख चित्रं काढली. ती त्या काळी छापली गेली नाहीत आणि आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकार निनावीच राहिला. २००२मध्ये त्या चित्रांवर पुस्तक निघालं. ते जुनं नाही, तरी पुण्याच्या संग्राहकाच्या कपाटात हवंच.

मराठी माणसाचं म्हणून एखादं मोठं सचित्र काम?

कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले लेफ्टनंट कर्नल आणि जातिवंत वनस्पतिशास्त्रज्ञ. मेजर बामनदास बसू यांच्याबरोबरचं त्यांचं भारतीय औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १९१८ साली अलाहाबादच्या पाणिनी ऑफिसने काढलं, कीर्तिकर गेल्यानंतर वर्षभराने. मजकूर एकीकडे आणि हजाराच्या घरात चित्रं वेगळ्या संचात, त्यामुळे एकाच्या घरी मजकूर आणि दुसऱ्याच्या घरी चित्रं अशी फाळणी नेहमी दिसते. ब्लॅटर, कायुस आणि म्हसकर यांनी सुधारलेली दुसरी आवृत्ती १९३०च्या दशकात आली. अभ्यासाला दुसरी चांगली, संग्रहाला पहिली.

पुनर्मुद्रणं घेण्यात अर्थ आहे का?

वाचायला, ताडून बघायला जरूर. डेहराडून-दिल्लीच्या प्रकाशकांनी जुने वनस्पतिग्रंथ पुन्हा छापून ठेवले नसते तर कित्येकांचा अभ्यास अडला असता. चित्रं मात्र करडी, भरलेल्या शाईची येतात. ‘हॉर्टस’साठी के. एस. मणिलाल यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठाने २००३मध्ये काढलं, ते मूळ लॅटिनपेक्षा तुमच्या-माझ्या जास्त कामाचं.

पिवळे-तपकिरी ठिपके पडलेत. साफ करून घेऊ का?

ठिपके कागदातल्या लोहकणांनी आणि बुरशीने येतात. ब्लीच केलं की जातात, आणि सोबत कागदाचा जीव आणि हाताने भरलेला रंगही जातो. मजकुराच्या पानांवर असतील तर राहू द्या. चित्राच्या मधोमध असतील तर भाव पाडून मागा. फारच झालं तर संग्रहालयाचं काम करणाऱ्या कागद-संवर्धकाकडे न्या. नेहमीच्या बाइंडरकडे नको, तो कडा कापून चकाचक करून देईल.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात काय करायचं?

पुस्तकांचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. हवेतली सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असावी आणि साठाच्या वर गेली की बुरशीला आमंत्रण. शंभर-दोनशे रुपयांचा नसला तरी बेताच्या किमतीत आर्द्रतामापक मिळतो, तो कपाटात ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं मोकळी ठेवा. पुस्तकं गच्च कोंबू नका. मोठ्या आकाराची आडवी ठेवा. खोलीत डीह्युमिडिफायर लावणं परवडत असेल तर कपाटावर नक्षी करण्याआधी ते घ्या.

कसर लागली असेल तर औषध फवारू नका. पुस्तक जाड प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून बंद करा, डीप फ्रीझरमध्ये उणे अठरा-वीस अंशांवर दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर दव आत धरेल. कातडी बांधणी आणि जाड रंग असलेल्या पुस्तकांना हा उपाय करण्याआधी जाणकाराला विचारा.

वेखंडाची पुरचुंडी पोथ्यांत ठेवायची आपली जुनी रीत चांगलीच आहे, पण कापडात बांधून, कपाटाच्या कोपऱ्यात. कडुनिंबाचा पाला पानांत घालाल तर पानावर पाल्याचं चित्र उमटेल.

हातमोजे? नको. धुतलेले, कोरडे हात बरे. मोज्यात बोटांना पान कळत नाही आणि कडा फाटते.

हिरव्या कापडी बांधणीची पुस्तकं विषारी असतात हे खरं का?

काही खरोखर असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या काही इंग्रजी बांधण्यांत पाचूसारखा हिरवा रंग वापरला, त्यात आर्सेनिक आहे. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने अशी पुस्तकं शोधण्याचा प्रकल्पच चालवलाय. झगझगीत हिरवं, झडणारं कापड दिसलं तर पुस्तक झिपच्या पिशवीत ठेवा, हाताळल्यावर हात धुवा, लहान मुलांच्या हाती देऊ नका. घाबरून फेकायचं काही कारण नाही.

ग्रंथालयाचा शिक्का असलेलं पुस्तक घेतलं तर चालेल?

शिक्क्याशेजारी ‘रद्द’ किंवा ‘विथड्रॉन’ असा दुसरा शिक्का आहे का, ते बघा. नसेल तर विक्रेत्याकडे कागद मागा आणि शंका असली तर त्या ग्रंथालयाला पत्र टाका. संस्थानं विलीन झाल्यावर कित्येक खासगी ग्रंथसंग्रह रीतसर विकले गेले, पण चालू ग्रंथालयांतून गेलेलंही कमी नाही.

परदेशातून मागवताना, परदेशात पाठवताना काय अडचण?

मागवताना लिलावाच्या बोलीवर खरेदीदाराचं कमिशन चढतं, ते पंचवीस टक्क्यांच्या घरात असू शकतं. त्यावर पाठवणी, विमा, इथलं कस्टम. बोली लावण्याआधी ही बेरीज करा.

पाठवताना मात्र जपून. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांपेक्षा जुन्या, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात, आणि त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. पुस्तक त्यात येतं की नाही हे आपण ठरवायचं नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी लेखी घ्या. पुण्याहून अमेरिकेतल्या मुलाकडे आजोबांचं पुस्तक सुटकेसमध्ये घालून नेणाऱ्यांनाही हे लागू आहे.

घरात आजोबांची अशी पुस्तकं निघालीत. विकायचीत. काय करू?

पहिलं, रद्दीवाल्याला आणि पुस्तकं ‘लॉटमध्ये’ उचलणाऱ्याला थांबवा. पुसू नका, चिकटपट्टी लावू नका, नवीन कव्हर करू नका. शीर्षकपानाचा, चित्रांच्या यादीचा आणि तीन-चार चित्रांचा फोटो काढा, चित्रं मोजून आकडा लिहा. मग निदान दोन जणांना दाखवा, एक जुन्या पुस्तकांचा व्यापारी आणि एक लिलावगृह. दोघांच्या आकड्यांत मोठा फरक पडेल, कारण व्यापारी लगेच रोख देतो आणि लिलावात थांबावं लागतं.

काही खंड दुसऱ्या नातेवाइकाकडे असतील तर विकण्याआधी ते एकत्र आणा. बाराचा संच अकरावर आला की भाव एक-द्वादशांशाने कमी होत नाही, निम्म्याच्याही खाली जाऊ शकतो. आणि विकायचंच नसेल, पण सांभाळणंही होत नसेल, तर फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसला, म्हणजे बीएनएचएसच्या ग्रंथालयाला आधी यादी पाठवून विचारा. त्यांच्याकडे नसलेला एखादा अंक तुमच्या ट्रंकेत असू शकतो.